साखर उतरवणारी गाठ

फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटोत कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन मिळवलं, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. स्वादुपिंडाचा अर्क हाती तर आला, पण कुठल्या बाटलीतला किती जोरकस आहे हे मोजायचं कसं? तिथे ससे कामी आले. उपाशी ठेवलेल्या सशाला अर्क टोचायचा आणि त्याच्या रक्तातली साखर १०० मिलिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवायला तो किती लागतो ते बघायचं. या पातळीला सशाला झटके येऊ लागतात. इन्शुलिनचं सुरुवातीचं ‘युनिट’ असं ठरलं. मधुमेह्यांना जीवदान देणारं हे द्रव्य जास्त झालं तर मेंदूची उपासमार करतं, हे त्यामुळे अगदी आरंभीच कळून चुकलं होतं.

काही माणसांना सुई न टोचताही हेच त्रास होतात, हे १९२४ मध्ये अलाबामातल्या सील हॅरिस या डॉक्टरांनी मांडलं. अशा माणसांचं शरीरच जादा इन्शुलिन बनवत असावं, असा त्यांचा तर्क होता. पुरावा तीन वर्षांत आला. साखर वारंवार धोकादायक उतरणाऱ्या एका रुग्णाचं पोट मेयो क्लिनिकमध्ये उघडलं गेलं, तेव्हा स्वादुपिंडात गाठ आणि तिची पिल्लं यकृतात, असं दृश्य होतं. १९२९ मध्ये टोरांटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. आणि १९३५ मध्ये मॉड स्लाय आणि गिडियन वेल्स या शिकागोच्या संशोधकांनी नेमका हाच आजार एका कुत्र्यात नोंदवला.

या गाठीचं नाव इन्शुलिनोमा. आज पाळीव कुत्र्यांमधल्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेल्या गाठींत तिची गणना होते. तरीही घरोघरी ती वेळेवर ओळखली जात नाही. याचं एक कारण तिचा आकार. कित्येकदा ती बोराएवढीही नसते. पोटात हाताला लागत नाही, दुखत नाही, कुत्रा वाळतही नाही. उलट इन्शुलिन शरीरात चरबी साठवतं, म्हणून काही कुत्री या आजारात गुटगुटीत होतात आणि घरच्यांना तब्येत सुधारल्यासारखी वाटते.

या गाठी ज्या पेशींपासून होतात, त्या पेशींचा स्वभाव आधी पाहायला हवा. शरीरात काही पेशी दुहेरी कामाच्या असतात. चेतापेशीसारखा त्यांना संदेश मिळतो आणि ग्रंथीसारखं त्या संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक त्यांच्या पोटात बारीक कणांच्या रूपानं आधीच भरून ठेवलेलं असतं. इशारा झाला की कण फुटतात. स्वादुपिंडातली लँगरहान्सची बेटं, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा, थायरॉईडमधल्या ‘सी’ पेशी, आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या पेशी, सगळ्या याच जातकुळीतल्या. या सगळ्या पेशी भ्रूणातल्या चेतासंस्थेच्या कडेपासूनच निघाल्या असाव्यात, असं १९६०च्या दशकात लंडनच्या अँथनी पिअर्स यांनी सुचवलं होतं. कल्पना सुबक होती, पण फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ यांनी लाव्याच्या भ्रूणातल्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवून त्यांचा माग काढला आणि ती निम्मीच खरी ठरली. अधिवृक्काचा गाभा चेतासंस्थेच्या घराण्यातला निघाला. स्वादुपिंडाची आणि आतड्याची मंडळी मात्र अन्नमार्गाच्याच कुळातली होती. कूळ वेगळं असलं तरी वागणं सारखं, म्हणून त्यांच्या गाठींना आजही ‘न्यूरोएंडोक्राइन’ या एकाच नावाखाली ठेवतात. गाठीचा तुकडा तपासताना क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफिझिन या प्रथिनांचा शोध घेतात तोही त्यासाठीच. ती प्रथिनं त्या कणांची खूण आहेत.

एरवी कर्करोगाची गाठ वाढते, शेजारच्या अवयवावर दाबते, फुटते, पसरते आणि त्यातून त्रास होतो. संप्रेरक सोडणारी गाठ त्या टप्प्याच्या कितीतरी आधी उपद्रव सुरू करते. स्वादुपिंडाच्या बेटांतली निरोगी बीटा पेशी रक्तातली साखर बघून इन्शुलिन सोडते. साखर साठच्या खाली गेली की ती जवळजवळ बंद होते. गाठीतली पेशी मात्र चावी बिघडलेल्या नळासारखी असते. साखर चाळीसवर आली तरी तिची धार चालूच राहते.

मेंदूला इंधन म्हणून मुख्यतः ग्लुकोज लागतं आणि त्याचा साठा करून ठेवण्याची सोय मेंदूकडे नाही. साखर उतरली की आधी अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलिन सोडून साखर वर ओढायचा प्रयत्न करते. त्यानं कुत्रा थरथरतो, बेचैन होतो, खायला मागतो. ते पुरलं नाही तर मागचे पाय लटपटतात, नजर हरवल्यासारखी होते, ओळखीच्या घरात तो भिंतीशी जाऊन उभा राहतो, कोसळतो, आणि शेवटी आकडी. थोड्या वेळानं शरीर कसंबसं साखर वर आणतं आणि कुत्रा काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवत उठतो. दवाखान्यात नेईपर्यंत दाखवायला काही उरत नाही. पुन्हा सावकाश उतरणाऱ्या साखरेची शरीराला सवयही होते, त्यामुळे पन्नासच्या खाली साखर असलेला कुत्रा खुशाल टेबलावर बसून पशुवैद्याचा हात चाटताना दिसतो.

आजार मध्यम आणि मोठ्या चणीच्या, उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्यांचा. सरासरी वय नऊ-दहा. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बॉक्सर या जातींत तो जास्त आढळतो, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये याच जाती भरपूर आहेत. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर जिना चढताना बसला, फेरीवरून परतताना मागच्या पायांनी डगमगला, तर आपण म्हणतो, ‘म्हातारा झाला बिचारा.’ सांधेदुखीचं औषध सुरू होतं. झटका आला तर अपस्माराचं. माझं स्पष्ट मत आहे की या आजारात यंत्रांपेक्षा घरातल्या माणसाचे डोळे जास्त उपयोगी पडतात, कारण त्रास कधी होतो हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. सांधेदुखीचा कुत्रा रोजच अडखळतो. इन्शुलिनोमाचा कुत्रा उपाशीपोटी, लांबच्या फेरीनंतर, पाहुणे आल्याच्या उत्साहात, किंवा भरपेट खाल्ल्यावर काही तासांनी कोसळतो. शेवटची गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण जेवणानं साखर चढते, गाठ त्यावर नको तितकं इन्शुलिन ओतते आणि साखर आधीपेक्षाही खाली जाते.

निदानाची कसोटी न्यूयॉर्कचे शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी माणसांसाठी घालून दिली होती आणि ती कुत्र्यालाही लागू पडते. साखर उतरल्याची लक्षणं हवीत, त्याच वेळी तपासलेली साखर खरोखर कमी हवी आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. पशुवैद्यक याला एका गोष्टीची जोड देतात. साखर साठच्या खाली असताना त्याच नमुन्यातलं इन्शुलिन मोजायचं. ते जास्त असायलाच हवं असं नाही, ‘नॉर्मल’ आलं तरी ते दोषीच. त्या वेळी ते शून्याच्या आसपास असायला हवं होतं. पहिल्या तपासणीत साखर बरी आली तर कुत्र्याला दवाखान्यातच देखरेखीखाली उपाशी ठेवून तासातासाला साखर पाहतात. हा उपासाचा प्रयोग घरी कुणी करू नये.

साखर मोजण्यात दोन फसगती होतात. माणसांचं ग्लुकोमीटर कुत्र्याचं रक्त मोजताना बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, कारण तांबड्या पेशी आणि रक्तद्रव यांतली साखरेची वाटणी कुत्र्यात निराळी असते. दुसरी फसगत नळीतली. काढलेलं रक्त साध्या नळीत तासभर पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात आणि निरोगी कुत्र्याचाही अहवाल घाबरवणारा येतो. यासाठी फ्लोराईड घातलेली, करड्या बुचाची नळी वापरतात, किंवा रक्तद्रव लगेच वेगळं करतात. शिवाय साखर कमी निघाली म्हणजे गाठच, असंही नाही. यकृत निकामी होणं, रक्तात जंतुसंसर्ग भिनणं, अॅडिसनचा आजार, ही कारणंही आहेत. शुगरफ्री च्युइंगममधला झायलिटॉल हे आणखी एक. माणसाला तो निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या स्वादुपिंडाला तो साखरेसारखा भासतो आणि खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासात इन्शुलिनचा पूर येऊ शकतो. असं च्युइंगम पर्समध्ये असेल तर पर्स उंचावर ठेवा.

सोनोग्राफीत ही गाठ बऱ्याचदा सुटते. रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन अधिक भरवशाचा. गाठ सापडली आणि कुत्रा भूल सोसण्याजोगा असला तर स्वादुपिंडाचा तेवढा भाग काढणं हाच सर्वांत चांगला उपाय. इथे कुत्रा आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. माणसातल्या दहापैकी सुमारे नऊ इन्शुलिनोमा साध्या असतात, काढल्या की विषय संपतो. कुत्र्यातल्या जवळजवळ सगळ्या कर्करोगी असतात आणि निदान होईपर्यंत साधारण निम्म्या कुत्र्यांत त्या यकृतात किंवा लसिकाग्रंथींत पोचलेल्या असतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही आजार परततो. तरी शस्त्रक्रिया झालेली कुत्री साधारणपणे एक ते दोन वर्षं काढतात, आणि कुत्र्याच्या आयुष्यात हा काळ थोडा नाही. केवळ औषधांवर ठेवल्यास हिशोब बहुधा महिन्यांतच राहतो.

औषधांतलं पहिलं प्रेडनिसोलोन. ते यकृताला साखर बनवायला लावतं आणि इन्शुलिनचा जोर बोथट करतं. डायझॉक्साइड हे मुळात रक्तदाबावर काढलेलं औषध. त्यानं साखर वाढते हा दुष्परिणाम लक्षात आला आणि तोच इथे उपयोगाला आला. ते बीटा पेशीचे पोटॅशियमचे मार्ग उघडे ठेवतं, त्यामुळे इन्शुलिनचे कण फुटायचे थांबतात. स्ट्रेप्टोझोटोसिनची कथा याहून विचित्र. प्रयोगशाळेतल्या उंदरांना मुद्दाम मधुमेही करण्यासाठी वापरलं जाणारं हे विष बीटा पेशी वेचून मारतं. ते कुत्र्याच्या मूत्रपिंडालाही मारक आहे, म्हणून भरपूर सलाईन चढवून, जपून देतात.

आहाराबद्दल जरा रेंगाळावंसं वाटतं, कारण आपल्या घरांत इथेच गफलत होते. साखर कमी पडते म्हटल्यावर प्रेमानं ग्लुकोजची बिस्किटं, दुधात कुस्करलेली पोळी आणि वर गूळ, असा खुराक सुरू होतो. साध्या साखरेचा असा मारा म्हणजे गाठीला आयतं निमंत्रण. या कुत्र्याला प्रथिनं, स्निग्धांश आणि सावकाश पचणारं पिष्ट असलेलं खाणं थोडं थोडं करून दिवसातून चार-सहा वेळा लागतं. शेवटचं झोपण्याआधी. फेरी छोटी आणि संथ. चेंडूमागे पळवणं बंद. मध किंवा ग्लुकोजचं पाणी फक्त कोसळल्यावर वापरायचं. तेही बोटानं हिरड्यांना चोळायचं, झटका चालू असताना जबड्यात हात घालायचा नाही आणि घशात काही ओतायचं नाही. शुद्धीवर आला की लगेच त्याचं नेहमीचं खाणं थोडं द्यायचं, नाहीतर मधानं चढलेली साखर गाठ पुन्हा खाली आणते.

इन्शुलिनोमा फक्त कुत्र्यालाच होतो असं नाही. फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी अमेरिकेत हौसेनं पाळतात. मध्यम वयाच्या फेरेटांत इन्शुलिनोमा इतका सर्रास आढळतो की चार-पाच वर्षांचा फेरेट लाळ गाळत, तोंडाशी पंजे मारत शून्यात बघताना दिसला की डॉक्टर आधी साखर तपासतात. त्याची गाठ मात्र क्वचितच दूर पसरते. मांजरात हाच ट्यूमर दुर्मीळ आहे. एकच पेशी बिघडते, पण प्राणी बदलला की आजाराचा स्वभाव बदलतो.

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातली गाठ, फिओक्रोमोसायटोमा, ही इन्शुलिनोमाहूनही फसवी. ती अॅड्रिनॅलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनॅलिन लहरीप्रमाणे सोडते. कुत्रा मध्यरात्री उठून धापा टाकतो, येरझाऱ्या घालतो, हृदय धडधडतं, रक्तदाब भडकतो आणि सकाळी सगळं शांत. अनेकदा ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित सापडते. शेजारच्या महाशिरेत शिरून वाढायची तिला खोड आहे. शस्त्रक्रियेत गाठीला हात लागला की संप्रेरकाचा लोंढा सुटतो, त्यामुळे आधी दोन-तीन आठवडे फिनॉक्सीबेंझामिन देऊन रक्तवाहिन्या सैलावून ठेवतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही पूर्वतयारी न केलेल्या कुत्र्यांपैकी ४८ टक्के दगावली, केलेल्यांपैकी १३ टक्के. एका जुन्या, साध्या गोळीनं एवढा फरक पडतो.

महारोहिणीपाशी प्राणवायूची पातळी चाचपणारा, याच जातकुळीतल्या पेशींचा एक बारीक पुंजका असतो. त्याची गाठ बॉक्सर, बॉस्टन टेरियर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत जास्त आढळते. ती सहसा संप्रेरक सोडत नाही. हृदयाच्या बुडाशी वाढते आणि हृदयाच्या आवरणात पाणी साठवते. चपट्या नाकामुळे जन्मभर अपुरा श्वास, म्हणून प्राणवायू मोजणारा पुंजका सतत राबतो आणि शेवटी बिघडतो, असा एक तर्क आहे. वंशदोषाचाही वाटा असणार. तरी या तर्काला अँडीज पर्वतानं जोरदार पुष्टी दिली. पेरूचे हाव्हिएर आरियास-स्तेला यांनी १९७६ मध्ये दाखवलं की विरळ हवेत, उंचावर राहणाऱ्या गुरांच्या मानेतल्या अशाच पुंजक्यात गाठी होतात. माणसानं सपाट चेहऱ्याची हौस म्हणून जी कुत्री घडवली, त्यांना समुद्रसपाटीवरही अँडीजची हवा मिळते की काय, असं मनात येतं.

गोठ्यातलं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या लेनार्ट क्रूक यांनी १९६९ च्या सुमारास पैदाशीच्या वळूंच्या थायरॉईडमध्ये ‘सी’ पेशींच्या गाठी शोधल्या. या पेशी कॅल्सिटोनिन सोडतात आणि रक्तात कॅल्शियम वाढलं की कामाला लागतात. दुभत्या गाईंसाठी बनवलेला कॅल्शियमयुक्त खुराक वर्षानुवर्षं वळूलाही घातला जात होता. गाईचं कॅल्शियम दुधावाटे निघून जातं, वळूचं जाणार कुठे? पेशी सतत हाकेला ओ देत राहिल्या, आधी फुगल्या, मग त्यांच्या गाठी झाल्या. मणकेही एकमेकांना चिकटून ताठ झाले. हा आजार माणसानं घमेल्यातून वाढलेला आहे. वळू सांभाळणाऱ्यांनी पेंडीच्या पोत्यावरचा कॅल्शियमचा आकडा वाचावा.

पिट्युटरीच्या गाठींना अलीकडे याच कुटुंबात धरायला लागले आहेत. पोट सुटलेला, केस झडलेला, घटाघटा पाणी पिणारा कुशिंगच्या आजाराचा कुत्रा बहुतेक पशुवैद्यांच्या ओळखीचा असतो, आणि त्याच्या दुखण्याचं मूळ बहुधा पिट्युटरीतच असतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे पाव हिश्शात वाढ-संप्रेरकाचा अतिरेक, म्हणजे मूळ दुखणं पिट्युटरीत, असल्याची चिन्हं मिळाली. इन्शुलिन कितीही वाढवलं तरी साखर न उतरणाऱ्या मांजरात हे तपासायला हवं. पंधरा वर्षांपुढच्या काही घोड्यांत तर डोपामिन पुरवणाऱ्या चेतापेशी झिजतात, पिट्युटरीचा मधला भाग मोकाट सुटतो आणि भर उन्हाळ्यात घोड्याच्या अंगावर लांब कुरळे केस तसेच राहतात. त्याला पर्गोलाइड देतात. ते मूळचं माणसांच्या पार्किन्सनवरचं औषध.

तेव्हा कुत्रा पाळणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. कारण सापडत नाही असा अपस्मार सहसा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. तुमच्या कुत्र्यानं सहा ओलांडली असतील आणि आयुष्यातला पहिला झटका आता आला असेल, किंवा मागचे पाय अधूनमधूनच लटपटत असतील, तर गोळ्या सुरू होण्याआधी रक्तातली साखर तपासायला सांगा. कमी निघाली तर त्याच रक्तात इन्शुलिन. त्रास होत असताना मोबाईलवर चित्रण करा आणि त्याआधी शेवटचं खाणं किती वाजता झालं होतं ते लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना फाईल विसरलात तरी चालेल, तो कागद विसरू नका.